भागूबाईचा मुऱ्हाळी

दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो. आपल्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. पोर बोबडं बोलायला लागतं तेव्हाच ते त्याला ठाऊक असतं. पण सरकारी वेळापत्रक करणाऱ्याला मामा नसतो, त्याला कोण सांगणार?

सत्तावन्न सालचा वैशाख. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून चाकणला शाळेच्याच दोन खोल्यांत ग्रामनेता शिबिर भरलं होतं, दहा दिवसांचं. एकवीस वाड्यांतले एकवीस गडी आले होते. शिकवायला पुण्याहून नानासाहेब. खादीचा सदरा, जाड चपला, आवाज मऊ. त्यांचं म्हणणं असं, की हुकूम काढून गाव हलत नाही. गाव हलतं ते स्वतःच्या गाण्यानं, स्वतःच्या गोष्टीनं. तेव्हा पुढाऱ्यानं आधी गोष्ट सांगायला शिकावं, मग कुदळ हातात द्यावी. बोलणं खोटं नव्हतं. माणूसही लबाड नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर लोक उगाच त्यांच्या डोक्यावर फोडतात.

तर भिंतीवर तपकिरी कागद डकवला होता. 'कथाकथन : दुपारी दोन ते चार.' ते वाचून एकवीस गडी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"साहेब, दिवसा?" खेडकडचा सावळाराम म्हणाला.

"मग कधी?"

"दिवं लागल्यावर सांगत्यात, साहेब. न्हाईतर मामा..."

"बत्तीत घालायला रॉकेल कुठं आहे?" नानासाहेब म्हणाले. "दोन बाटल्या मिळाल्या, त्या भजनालाच संपतात. आणि मामांचं म्हणाल, तर ज्यांचे मामा सध्या प्रवासात नाहीत त्यांनी पहिल्यांदा उठावं."

हशा पिकला. सगळे हसले, एक दत्तोबा सोडून.

दत्तोबा बोरजाईवाडीचा. मोशीच्या पुढं, चाकणच्या अलीकडं, नाशिकच्या सडकेपासून आत ही वाडी. तीस-पस्तीस उंबरा, कांद्याची शेती. बत्तीस वर्षांचा हा गडी बोलायला असा गोड, की बाजारात कांदा विकायच्या आधी लोक त्याच्या गप्पाच घ्यायचे. पण सध्या त्याच्या काळजात एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे त्याची बायको अंबू. तिला सातवा महिना होता.

वाडी आणि सडक यांच्या मधे चकव्याची घळ आहे. घळीतून सरळ गेलं तर सडक अर्धा कोस. पण घळीत कुणी उतरत नसे. उतरलेला माणूस गोल गोल फिरतो, समोर सडक दिसते आणि पायाला लागत नाही, अशी तिची ख्याती. पिंपरीच्या कारखान्यावर कामाला जाणारी चार पोरं होती, तीसुद्धा सायकली हाणत माळावरून अडीच कोसांचा वळसा घालायची. दोन वर्षांमागं अंबूला कळा लागल्या तेव्हा गाडी त्याच वळशानं नेली होती. दवाखान्याची पाटी दिसेतो पोर जन्मलं होतं, आणि निळं पडलं होतं. तेव्हापासून दत्तोबाला घळीतून रस्ता हवा होता, आणि या खेपेला तो अंबूचे दिवस भरायच्या आत हवा होता. त्यासाठीच तो शिबिराला आला होता.

निघताना आईनं, भागूबाईनं, त्याला उंबऱ्याशी थांबवलं होतं. "दत्तू, तिकडं काय बी सांग. वाघाची सांग, कोल्ह्याची सांग. पर चिमाची सांगू नगंस. अन् सांगितलीसच, तर गाडी घळीत उतरली की थांब. शेवट करू नगंस."

चिमाजी हा भागूबाईचा एकुलता भाऊ. माहेर तिचं ताथवड्याचं. सासुरवाशिणीला सणाला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. एकतीस वर्षांमागं नागपंचमीला चिमाजी मुऱ्हाळी म्हणून निघाला, तो पोचलाच नाही. त्याची गाडी घळीत सापडली. बैल पलीकडं चरत होते. गाडीत बहिणीसाठी आणलेलं नवं लुगडं तसंच होतं, आणि चिमाजी कुठंच नव्हता. घळीला चकव्याची घळ हे नाव पडलं ते तिथून. भागूबाई म्हणायची, "म्या दिवसा गोष्ट सांगितली त्या दिशी. अर्धीच सांगितली. म्हणून तो अर्ध्यात ऱ्हायला." पुढं तिचे आईबाप गेले. तीही पुन्हा माहेरी गेली नाही. मुऱ्हाळी नाही तर माहेर कसलं, म्हणायची.

दरसाल पंचमीच्या आदल्या दिवशी, दिवा लागला की, ती चिमाजीची गोष्ट सांगायची. तो कसा निघाला, वाटेत मोशीला कुणाशी बोलला, इंद्रायणीवर बैलांना पाणी कसं पाजलं. पोरंबाळं हुंकार द्यायची, "हूं." आता गोष्टीला हुंकार लागतोच. समोरच्यानं हूं म्हटलं तर गोष्ट पुढं सरकते, नाहीतर ती जागच्या जागी बसते. शेवटी भागूबाई म्हणायची, "अन् चिमाची गाडी घळीत उतरली. चला, झोपा आता." पुढं एक अक्षर नाही.

"शेवट केला तर काय हुईल गं?" दत्तोबानं उंबऱ्यात विचारलं होतं.

"तो यील," आई म्हणाली. "अन् दाराशी आलेला मुऱ्हाळी रिकामा माघारी लावता येत न्हाई. मला जावं लागंल."

इतकं साधं बोलली, की दत्तोबा तिच्या पाया पडून वाटेला लागला.

शिबिरात तिसऱ्या दिवशी त्याची पाळी आली. दुपारचे अडीच. कौलं तापलेली, बाहेर कुत्रंसुद्धा हिंडत नव्हतं. वाघाची गोष्ट सांगायची असं ठरवून तो उभा राहिला, आणि तोंडातून निघालं, "ताथवड्याचा एक चिमाजी होता." का निघालं ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. जीभ आहे, तिला हाड नाही. ज्या गोष्टीवर आपण वाढलो तीच आधी बाहेर पडते.

एकवीस जण जीव लावून ऐकत होते. "हूं... हूं..." खोलीत नुसता घुमारा उठला. मोशी आली, इंद्रायणी आली. "अन् चिमाजीची गाडी घळीत उतरली," दत्तोबा म्हणाला आणि आईसारखाच थांबला.

सगळे गप्प. आणि त्या गप्पपणात दाराकडून एक हुंकार आला. "हूं."

सावकाश आला. पुढं सांग, असा.

दत्तोबानं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. उन्हाचा चौकोन पडला होता तेवढाच.

"कोण म्हणालं?" त्यानं विचारलं.

"तुझ्यामागचा असंल," कुणीतरी म्हणालं. पण मागं फळा होता. मग आपणच म्हणालो असू, असं प्रत्येकानं मनाशी धरलं आणि विषय मोडला.

विषय मोडला खरा, पण दुसऱ्या दिवशी सावळारामचा मामा हरवला. खरंच हरवला! खेडहून भाच्याला कपडे घेऊन निघालेला म्हातारा. खेड ते चाकण सरळ सडक, आंधळासुद्धा चुकायचा नाही. तो तिसऱ्या दिवशी सकाळी मोशीच्या घाटावर सापडला, चाकण मागं टाकून तीन-चार कोस पुढं. पायांना फोड आलेले, डोक्यावर गाठोडं तसंच.

"चुकलो कसा म्हणजे? मी कशाला चुकतोय!" म्हातारा शिबिरात येऊन सगळ्यांवर तापला. "एक गाडीवान भेटला. म्हणला बसा, मी बी तिकडंच चाललोय, बहिणीला आणायला. बसलो. बैलांच्या घुंगुरमाळा चांगल्या वाजत हुत्या. सारखं विचारायचा, पाव्हणं, पुढं काय हाय? म्हणलं, पुढं चाकण हाय. पुन्ना विचारायचा, त्याच्या पुढं? वैताग आणला मेल्यानं. मंग कवा डोळा लागला, अन् जाग आली ती नदीवर."

सगळे हसले. सावळाराम तर पोट धरून हसला. दत्तोबा उठून बाहेर गेला आणि नळाखाली त्यानं डोकं धरलं.

संध्याकाळी त्यानं नानासाहेबांना सगळं सांगितलं. आईची अट, अंबूचे दिवस, सगळं. नानासाहेब हसले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दत्तोबा, तुझं गाव घळीत का उतरत नाही?" त्यांनी विचारलं.

"चकव्याला भिऊन."

"चकव्याला नाही. तुझ्या आईच्या गोष्टीला भिऊन. दरसाल ती गाडी घळीत उतरते आणि वर येत नाही. एकतीस वर्षं गावानं तेवढंच ऐकलंय. मग कोण उतरेल? तू ती गाडी एकदा वर काढ. भर दिवसा, घळीच्या काठावर, सगळ्यांसमोर. गाव कुदळी घेऊन उतरेल."

"अन् आई?"

"आईची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही," नानासाहेब म्हणाले. "पण बायकोची वेळही खोटी नाही. मी तुझ्या जागी नाही, बाबा. मी फक्त शिकवायला आलोय."

दत्तोबा वाडीला परतला तो मनाशी पक्कं करून, की गोष्टीशिवायच जमवायचं. सभा घेतली. शिबिरातली गाणी म्हटली, लोकांनी टाळ्या दिल्या. श्रमदानाचं नाव काढलं आणि लोक उठले. गावचे जाणते उद्धवराव म्हणाले, "रस्ता चांगलाच रं दत्तोबा. तू आधी उतर, तू वर आलास की आमी उतरू." दत्तोबा उतरला, वर आला. "तुझा मामा हाय खाली, तुला सोडणारच," उद्धवराव म्हणाले. महिना असाच गेला. ज्येष्ठ उजाडला. अंबूला उठबस होईना. एके दुपारी ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "धनी, या बारीला बी वळशानंच न्यायचं का वं?" एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

त्या रविवारी दत्तोबानं गाव घळीच्या काठावर बोलावलं. नानासाहेब पुण्याहून आले होते. शाहीर येणार, करमणूक होणार, अशी दवंडी दिली होती, त्यामुळं म्हातारीकोतारीसुद्धा आली होती. भागूबाई तेवढी घरी होती. सकाळचे दहा वाजले होते. ऊन लख्ख होतं, आणि घळीच्या तळाशी करवंदीच्या जाळ्या स्पष्ट दिसत होत्या. भिण्यासारखं तिथं काही नव्हतं.

दत्तोबानं गोष्ट सुरू केली. लोक चुळबुळले, दिवसा म्हणून कुजबुजले, पण गोष्ट ओळखीची होती. हुंकार सुरू झाला. मोशी झाली, इंद्रायणी झाली.

"अन् चिमाजीची गाडी घळीत उतरली," दत्तोबा म्हणाला.

लोक सवयीनं उठायला लागले.

"बसा!" दत्तोबा ओरडला. आई डोळ्यांपुढं आली, मग अंबू आली, मग ते निळं पोर आलं. "गाडी घळीत उतरली. खाली रस्ता न्हवता. चिमाजी थांबला. मंग त्याला वरून कुदळींचा आवाज आला. बोरजाईवाडी खाली उतरत हुती. लोकांनी जाळ्या तोडल्या, दगड फोडलं, मुरूम टाकला. अन् त्या रस्त्यानं चिमाजीची गाडी वर आली. भर उन्हात वर आली, गावात शिरली, अन् बहिणीच्या दारात उभी ऱ्हायली. झाली गोष्ट."

कुणी हुंकार दिला नाही. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

मग घळीतून आला. "हूं."

खालून, अगदी तळातून. थकला माणूस ओझं उतरवून ठेवताना करतो तसा. सगळ्यांनी ऐकला. मग उद्धवराव मोठ्यानं हसले. "आरं, घळच हुंकार देतीय की! आवाज घुमला, आवाज!" ते हसले म्हणून गाव हसलं. पोरं काठावर पालथी पडून खाली "हूं, हूं" ओरडायला लागली. मघाशी कुणीच हूं म्हटलं नव्हतं, मग घुमलं काय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुपारपर्यंत वीस कुदळी घळीत होत्या. नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. दत्तोबाचा खांदा दाबून ते म्हणाले, "बघ, गाव हललं."

दत्तोबा घरी आला. आई पडवीत बसून पेटीतलं जुनं लुगडं उन्हात टाकत होती. चिमाजीच्या गाडीत सापडलेलं तेच. एकतीस वर्षांत तिनं त्याची घडी मोडली नव्हती.

"शेवट केलास व्हय रं?" तिनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगंल? चिमाचा हुंकार मला कळंना व्हय?"

दत्तोबा तिच्या पायाशी बसला आणि हमसून रडला. बत्तीस वर्षांचा बाप्या, गावाचा नवा पुढारी! भागूबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ती रागावली नव्हती, आणि त्याचंच त्याला जास्त भ्या वाटलं.

बावीस दिवसांत रस्ता झाला. सरळ, मुरमाचा, दोन गाड्या शेजारून जातील असा. पहिला पाऊस त्यानं झेलला. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात अंबूला कळा सुरू झाल्या. भुरभुर पाऊस होता, दिवस असून उजेड कमी होता. दत्तोबानं गाडी घळीत घातली. मागं भागूबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

घळीच्या तळाशी, रस्त्याच्या कडेला, एक गाडी उभी होती. वाट देण्यासाठी बाजूला घेतलेली. बैलांच्या माना खाली होत्या, अंगावरून पाणी निथळत होतं. गाडीवान घोंगडी पांघरून बसला होता. दत्तोबाची गाडी शेजारून गेली तसा त्यानं हात वर केला. घोंगडीखाली तोंड दिसलं नाही.

"आई, कोण गं ते?"

"पुढं बघ," भागूबाई म्हणाली. "लेकराची येळ हाय. पुढं बघ."

अर्ध्या तासात गाडी दवाखान्यात पोचली. तासाभरात मुलगी झाली. चांगली गोरीगोमटी, आणि रडली ती अशी, की बाहेर ओसरीत बसलेल्या दत्तोबाला हसू फुटलं. परत येताना घळीत कुणी नव्हतं.

मग श्रावण लागला, आणि पंचमी आली.

त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडून झाली होती. भागूबाईनं पहाटेच न्हाऊन ते जुनं लुगडं नेसलं. हिरवं होतं, घडीवर विटलं होतं. नातीला तिनं पोटाशी घेतलं, तिचे तळपाय गालाला लावले. दोनाच्या सुमाराला बायका वारुळाला निघाल्या, अंबूही पोरीला पदराखाली घेऊन गेली. "तुमी न्हाई यायच्या, आत्याबाई?" तिनं विचारलं. "माजा मुऱ्हाळी यायचाय," सासू म्हणाली. अंबूला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. ती हसत हसत गेली.

घरात मायलेकरं दोघंच राहिली. भागूबाई भिंतीला टेकून बसली, मांडीवर गाठोडं. त्यात चार दिंडं होती आणि एक खण.

आणि दत्तोबाला घुंगुरमाळा ऐकू आल्या.

लांब होत्या, घळीकडून. मुरमावर चाकांची करकर ऐकू येत नव्हती, नुसत्या घुंगुरमाळा. तो उठून दारात गेला. रस्ता रिकामा होता, पावसानं धुतलेला, थेट घळीपर्यंत दिसत होता. घुंगरं जवळ येत होती.

तेव्हा त्याला एकदम सुचलं. आईला वाचवायची एकच युक्ती जगात होती, आणि ती त्याच्या जिभेवर होती. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो! दिवे लागेतो चुकवत ठेवायचा, बाकीचं मागाहून बघू. तो आईसमोर बसला आणि घाईघाईनं म्हणाला, "एक वाघ हुता. त्या वाघाला एकदा तहान लागली."

घुंगरं थांबली. मग डावीकडं, माळाच्या बाजूला वळल्यासारखी झाली. दत्तोबाचा जीव भांड्यात पडला.

"तहान लागली म्हणून तो नदीवर गेला," तो म्हणाला आणि आईकडं बघत थांबला.

भागूबाई काही बोलली नाही.

"आई, हूं म्हण की."

ती गप्प. घुंगरं माळावरून परत फिरली. पुन्हा रस्त्याला लागली.

"नदीवर त्याला एक मगर भेटली! आई, हूं म्हण! आगं म्हण गं!"

ती त्याच्याकडं प्रेमानं बघत होती, ओठ मिटलेले. दत्तोबानं स्वतःच हूं म्हणून बघितलं. पण सांगणाऱ्यानं स्वतःच हुंकार दिला तर ती गोष्ट होत नाही, बडबड होते. घुंगरांना ते कळलं असावं. ती आता उद्धवरावांच्या घरावरून येत होती. दत्तोबानं कोल्हा सांगितला, शेठजी सांगितला, शिबिरातल्या एकवीस गड्यांच्या एकवीस गोष्टी आठवतील तशा तोंडातून सोडल्या. एकही पुढं सरकेना. त्यानं आईचे पाय धरले. "तुला जायाचंच हाय का गं? आमी कोण न्हाई का तुझं?"

"दत्तू," भागूबाई म्हणाली, "तवा तू धा म्हैन्यांचा हुतास. भर दुपारची येळ, अन् तू रडायचा थांबंनास. तुला गप करायला म्हणून म्या गोष्ट सांगाय घेतली. मामा येणार, गाडी आणणार, गाडी घळीत उतरली... तेवढ्यात तू झोपलास. म्या बी तिथंच सोडली. माज्या भावाला म्या चुकीवलं, बाळा. एकतीस वरसं तो आन् मी दोघंबी अर्ध्यात बसलो. तू त्याला वाट दिलीस. आता तूच चुकवू नगं."

दत्तोबानं तिचे पाय सोडले.

घुंगरं दारात येऊन थांबली. बैलानं मान हलवावी तशी एकदा वाजली, आणि गप्प झाली. ओल्या घोंगडीचा वास घरभर झाला.

"मामाला पाणी दे," आई म्हणाली. "लांबनं आलाय."

दत्तोबा उठला. काय करणार? दारात आलेल्याला पाणी द्यायचं, हे रक्तातच असतं. त्यानं तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला आणि डोळे मिटून दाराबाहेर हात धरला. मग तांब्या हलका झाला, आणि गूळ हातातून उचलला गेला. बोटं लागली नाहीत, नुसता गारवा लागला.

"भागू," बाहेरून आवाज आला. तरणा आवाज होता, दत्तोबाहूनही तरणा. "उशीर झाला गं. निघायचं का?"

आणि दत्तोबाच्या मागं, भिंतीला टेकलेली त्याची आई, मघापासून हुंकार अडवून बसलेली, माहेरी निघालेल्या पोरीसारखी आनंदून म्हणाली,

"हूं."

घुंगरं वाजली, वळली आणि चालू लागली. दत्तोबा दाराकडं तोंड करून उभा होता. मागं वळून बघायचा त्याला धीर झाला नाही, आणि बघायची गरजही नव्हती. त्यानं नुसतं ऐकलं. घुंगरं वाडीबाहेर पडली, घळीत उतरली, घळीतून पलीकडं चढली, सडकेला लागून ताथवड्याच्या अंगानं गेली. कुठं म्हणून अडखळली नाहीत.

वारुळावरून बायकांची गाणी ऐकू येत होती. अंबू पोरीला घेऊन परत यायला निघाली असेल. दत्तोबा उंबऱ्यात खाली बसला, निम्मा तांब्या मांडीवर धरून. एवढा बोलका गडी, पण आईच्या गोष्टीला द्यायला त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता.

"हूं," तो म्हणाला.